बर्फातल्या गाडीसाठी, वहिनी, तुमचे जाहीर आभार

वहिनी, सप्रेम नमस्कार.

आभार चारचौघांत मानायचं कारण असं की "बर्फात रोज चालवता येईल आणि चालवताना मजाही येईल अशी कोणती गाडी घेऊ?" हा प्रश्न आता लोक मला विचारायला लागलेत. मी जी उत्तरं देतो ती सगळी तुमची आहेत. ती माझी म्हणून खपू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

हाच प्रश्न घेऊन मीही बऱ्याच जणांकडे गेलो होतो. उत्तर बहुतेकांच्या जिभेवर तयारच असायचं: उंच एसयूव्ही घे, ऑल-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी गाडी) घे, आणि मजेचं खूळ डोक्यातून काढ. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. उलट विचारलंत, "मजा म्हणजे काय हवंय तुम्हाला? वेग, की हाताशी बोलणारी गाडी?" बर्फात वेग कुणाला हवाय! मला हवं होतं हाताने गिअर टाकणं, वळणावर पुढची चाकं काय करतायत ते स्टिअरिंगमधून कळणं, आणि मागे मुलं, सामान, अधूनमधून एखादं कपाट मावेल एवढी जागा. त्या एका प्रश्नाने निम्मी यादी गळाली. अडीचशे-तीनशे हॉर्सपॉवरचे आकडे मी तोवर पाठ करत बसलो होतो, तेही गळाले. शिवाय तुम्ही म्हणालात ते खरंच आहे: कोरड्या डांबरावर चांगल्या गाडीच्या पकडीची सीमा गाठायला जो वेग लागतो तो सार्वजनिक रस्त्यावर करण्यासारखा नसतो. बर्फात तीच सीमा तीस-चाळीसच्या वेगाला भेटायला येते. म्हणजे खेळकर गाडीचा खेळ खऱ्या अर्थाने कळतो तो हिवाळ्यातच.

मग तुम्ही गाड्यांची यादी बाजूला ठेवायला लावलीत आणि टायरांवर आलात. तेव्हा मी थोडा वैतागलो होतो, हे आता सांगतो.

पण तिथेच सगळं होतं. उन्हाळी स्पोर्ट टायरचं रबर थंडीत कडक होत जातं. साधारण सात अंशांच्या खाली हिवाळी टायरचं मऊ रबर त्याला मागे टाकायला लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत उन्हाळी टायरला तडेही जाऊ शकतात. हिवाळी टायरवरच्या त्या बारीक बारीक चिरा बर्फाला कडांनी धरतात, आणि खोल खाचांत हिम, म्हणजे भुसभुशीत पडलेला बर्फ, दाबून बसतं, कारण हिमावर हिमच चांगलं पकडतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण शोधायची, नुसत्या "एम प्लस एस" (चिखल आणि हिम) अक्षरांवर विसंबायचं नाही, हे तुम्ही बजावलंत. ती अक्षरं कंपनी स्वतःच छापते. डोंगराची खूण मिळवायला टायरला चाचणीत ठरलेली पकड दाखवावी लागते. त्यातही ती चाचणी हिमावरची, गोठलेल्या काचेसारख्या बर्फावरची नव्हे. युरोपातल्या टायरच्या लेबलवर 2021 पासून अशा काचेसारख्या बर्फावरच्या पकडीची वेगळी खूण आली ती त्यासाठीच.

तुमच्या त्या तासाभराच्या बोलण्यातला माझा आवडता भाग म्हणजे हिवाळी टायरांच्या दोन जाती. एक मध्य युरोपच्या हवेसाठी केलेली: ओला रस्ता, मोकळा हायवे, मधूनच हिम. दुसरी उत्तरेकडची, फिनलंड-स्वीडनच्या हिवाळ्यासाठी: आणखी मऊ, दाबून गोठलेल्या रस्त्यावर भरवशाची, पण कोरड्या डांबरावर स्टिअरिंग थोडं गुळगुळीत करून टाकणारी. स्पोर्टी गाडीला नेहमी पहिलीच जात शोभते असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, गाडी बघू नका, पहाटे निघताना रस्ता कसा असतो ते बघा. माझा रस्ता सकाळी दाबलेल्या हिमाचा असतो, म्हणून मी दुसरी जात घेतली. जाता जाता तुम्ही हेही सांगितलं होतंत की फिनलंडच्या नोकिया गावातल्या कारखान्याने 1934 मध्ये ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर काढला. खरेदीला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण मी ते सगळ्यांना सांगत असतो.

रिम एक इंचाने लहान घ्यायला सांगितलंत, तेही पटलं. टायरची बाजू उंच झाली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकत नाही, आणि टायर जरा अरुंद असला की हिमावर तरंगण्यापेक्षा ते कापत जातो. फक्त ब्रेकच्या कॅलिपरवरून (चाकाआतल्या ब्रेकच्या चिमट्यावरून) रिम बसते ना, ते आधी तपासायचं.

आता ऑल-व्हील ड्राइव्ह. तुमच्याकडे स्वतः सुबारू डब्ल्यूआरएक्स. पुढचं-मागचं सगळं फिरवणारी, मॅन्युअल, आणि तुम्ही ती कशी चालवता ते मी मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे. माणूस स्वतःची गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारतोच. तुम्ही मारली नाहीत. उलट कागदावर हिशेब मांडलात: ताशी पन्नासच्या वेगातून कोरड्या डांबरावर ब्रेक लावला तर गाडी साधारण बारा मीटरांत थांबते, दाबलेल्या हिमावर चाळीस मीटर, आणि निखळ बर्फावर शंभराच्या आसपास. या तिन्ही आकड्यांत इंजिनची ताकद किती चाकांना जाते याचा काही संबंध नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. ऑल-व्हील ड्राइव्ह निघायला मदत करतं, चढ चढवतं, वळणातून बाहेर पडताना सुख देतं. थांबवत मात्र नाही. आणि निघताना ते इतक्या सहज निघतं की रस्ता किती निसरडा आहे ते ड्रायव्हरला कळतच नाही, हा तुमचा मुद्दा मी कुठल्याच विक्रेत्याच्या तोंडून ऐकला नाही.

यादीत तोवर मोजक्या गाड्या उरल्या होत्या. फोक्सवॅगनची गोल्फ आर: मागच्या चाकांना ताकद क्लचमधून जाते आणि नव्या पिढीत ती डाव्या-उजव्या चाकातही वाटली जाते. हुशार गाडी, पण मला बजेट ताणावं लागलं असतं आणि मग टायरांत काटकसर झाली असती. टोयोटाची जीआर कोरोला: 1.6 लिटर, तीन सिलिंडर, तीनशे हॉर्सपॉवर, पुढे-मागे ताकदीची वाटणी बदलता येते, शिवाय खराखुरा ओढायचा हँडब्रेक. मन तिच्यावर बसलं होतं. मुलांना मागे बसवून पाहिलं आणि मन उठलं. डब्ल्यूआरएक्स 2015 पासूनच्या पिढीत सेडानच येते, म्हणजे कपाट गेलं. माझदाच्या मिआटासारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी चांगल्या हिवाळी टायरांवर बर्फात चालते, लोक चालवतातही, पण दोनच सीट म्हटल्यावर तिचा विचार तिथेच थांबला.

शेवटी वापरलेली, मॅन्युअल गोल्फ जीटीआय. ताकद फक्त पुढच्या चाकांना. तुम्ही माझ्या रस्त्याबद्दल जे विचारलंत त्यातूनच ती ठरली: बर्फ हटवणारी गाडी किती वाजता येते, दारातला चढ किती, पार्किंगमधून निघताना पुढे हिमाची भिंत असते का. माझा रस्ता वेळेवर साफ होतो आणि चढ नावालाच आहे. ज्याचं घर टेकडीवर आहे त्याने माझं अनुकरण करू नये. जमिनीपासूनची उंची जेमतेम तेरा-चौदा सेंटीमीटर असल्यामुळे फूटभर ताज्या हिमात ही गाडी पोटावर बसेल, आणि मग चारही चाकं फिरवणारी असती तरी उपयोग नसता. त्या दिवशी मी घरी बसतो.

पुढच्या डिफरन्शियलबद्दल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांबद्दल, तुम्ही सांगितलंत त्याचा अर्थ मला पहिल्या हिवाळ्यात उमगला. एक चाक डांबरावर, एक बर्फावर असताना साधं डिफरन्शियल ताकद निसटत्या चाकाकडे वाहू देतं. माझ्या जीटीआयमधला क्लचवाला लॉक ती पकड असलेल्या चाकाकडे ढकलतो. टर्बोचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच येतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडून निघायचं, हेही तुमचंच.

आणि रिकाम्या पार्किंगमधली ती सकाळ. तुम्ही शेजारी बसून मला मुद्दाम ब्रेक पूर्ण दाबायला लावलात, एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) तो खडखडाट पायाला लागू दिलात, मग वळताना ॲक्सिलरेटर सोडून मागची बाजू सरकवायला लावलीत. "घाबरलात की गाडीकडे नाही, जायचंय तिकडे बघा." अडकल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून फिरायला लागलं की ते आवरणारी यंत्रणा) बंद करायचं आणि बाहेर पडल्यावर लगेच चालू करायचं, कारण नाहीतर ते इंजिनची ताकद तोडत बसतं आणि चाकं जागच्या जागी मरतात. हे गाडीच्या पुस्तकातही असतं म्हणा, पण पुस्तक शेजारी बसून ओरडत नाही.

बाकीचं भराभर. थंडी पडली की दर पाच-सहा अंशांना टायरमधला हवेचा दाब साधारण एक पीएसआयने (दाब मोजायचं एकक) उतरतो, म्हणून दाब पाहतो. रस्त्यावरच्या मिठामुळे गाडी खालून धुऊन घेतो. चारही टायर एकाच जातीचे ठेवतो. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी ठेवलं तर पुढची बाजू थांबते आणि मागची पुढे यायला बघते. टायरवरच्या नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचे, हे लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

दादांनाही आभार कळवा; त्या सकाळी मुलांना त्यांनी सांभाळलं. आणि वहिनी, हिवाळा संपायच्या आत एकदा डब्ल्यूआरएक्सची किल्ली देईन असं तुम्ही म्हणाला होतात. या शनिवारी हिम पडणार आहे असं दिसतंय.

तुमचा,
जीटीआयवाला शेजारी