जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या क्रीडापानावर ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींबद्दल, म्हणजे बाजारातल्याच गाड्या शर्यतीसाठी बदलून पळवतात त्या स्पर्धेबद्दल, एक चौकट होती. जिंकलेल्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन ठेवायचं, म्हणजे पहिल्या आलेल्या पोराला पुढच्या परीक्षेत मोडकं पेन द्यायचं, असं तुमच्या लेखकाने लिहिलंय. वाचून हसू आलं, पण पटलं नाही. शिवाय हा वजनाचा नियम आता नाहीच. तो २०२१ च्या हंगामानंतर गेला.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य काढलं. २०१९ साली एप्रिल ते ऑक्टोबर मुलीकडे डर्बीला होतो. गावाचं नाव डर्बी, पण जावयाला घोड्यांपेक्षा गाड्यांचा नाद. डॉनिंग्टन पार्कचा ट्रॅक तिथून जवळच. एप्रिलअखेरच्या रविवारी त्याने मला तिथे नेलं. हाडं गोठवणारा वारा, गवताच्या उतारावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं, आणि शेजारच्या विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून. तिथे एक गोष्ट फार आवडली. साधं तिकीट काढलेला माणूसही दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गाड्यांच्या तंबूंपर्यंत जाऊ शकतो. एका गाडीशी मेकॅनिक वाकला होता. ड्रायव्हरशेजारची सीट काढलेली, त्या जागी खाली धातूच्या जाड पट्ट्या बोल्टने आवळलेल्या. तो त्या एकेक सोडवून बाहेर काढत होता, वाण्याने तागडीतली मापं उतरवावीत तशा. आधीच्या शर्यतीत गाडी मागे पडली होती, म्हणून आता ओझं कमी. तुमच्या लेखकाला जी शिक्षा वाटली, ती ही.

हे समजायला इंग्लंडला जायची गरज नव्हती. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन असतं. जॉकी हलका पडला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. तिथे कोणी मोडक्या पेनाची उपमा देत नाही.

मुळात या गाड्या सारख्या नसतात, तिथेच सगळं आहे. बीएमडब्ल्यूची मागची चाकं ओढणार, होंडा सिव्हिकची पुढची. एकीचा आकार वेगळा, दुसरीचा तोल वेगळा. यावर दोन सरळ उपाय. एक, सगळ्यांना एकच गाडी द्या. आपल्याकडे २०१० पासून झालेल्या फोक्सवॅगनच्या पोलो कपमध्ये तेच केलं होतं. दुसरा, गाड्या वेगळ्या राहू द्या आणि कोणी फार पुढे निघाला की त्याचा पाय थोडा ओढा. पहिल्या उपायात ड्रायव्हर कळतो, पण बाजारातल्या आपल्या गाडीसाठी ओरडायची गंमत जाते.

इंग्रजांनी दोन्ही करून पाहिलंय, आणि त्याआधी तिसरा, गटांचाही. १९५८ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा इंजिनाच्या आकाराप्रमाणे गट होते आणि गुण गटातल्या क्रमांकाला मिळत. त्यामुळे ऑस्टिनवाला जॅक सिअर्स आणि जॅग्वारवाला टॉमी सॉपविथ हंगामाअखेर सारख्याच गुणांवर आले. नाणेफेक करून निकाल लावा, अशी सूचना आली, ती दोघांनी झिडकारली. मग ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन सारख्या रायली गाड्या आणल्या, पाच-पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती लावल्या आणि मध्ये गाड्यांची अदलाबदल केली. सिअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. गटांची पद्धत मात्र पुढे तीसेक वर्षं चालली, आणि तिचा घोळ असा की १९८९ साली धडाधड शर्यती मारत होत्या फोर्ड सिएरा, अन् विजेता ठरला लहान गटातल्या व्हॉक्सहॉल ॲस्ट्राचा जॉन क्लेलंड. मैदानातल्या माणसाला कळणार कसं कोण पुढे आहे ते? त्यापेक्षा सगळे एकत्र पळवून वजनाने तोल साधणं मला तरी सरळ वाटतं.

२०१९ मध्ये दहा रविवार मिळून तीस शर्यती झाल्या. गुणतक्त्यात जो सगळ्यात वर, त्याच्या गाडीत अर्ध्या क्विंटलहून जास्त वजन, आणि खाली उतरत्या क्रमाने. पहिल्याला वीस गुण, पंधराव्यालाही एक. म्हणजे खरा कस लागतो तो ओझं घेऊन आठवा-दहावा येण्यात. ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅचवरच्या शेवटच्या रविवारच्या शर्यती आम्ही घरीच टीव्हीवर पाहिल्या, त्याही फुकटच्या वाहिनीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या शर्यतीत विजेतेपदाचा दावेदार कॉलिन टर्किंग्टनला धक्का बसून गाडी गरकन फिरली, आणि तिसरीला तो पार मागच्या रांगांत. डॅन कॅमिशच्या हातात विजेतेपद आल्यात जमा. जावई उठून स्वयंपाकघरात गेला, म्हणाला, संपलं. अन् अगदी शेवटी शेवटी कॅमिशच्या सिव्हिकचे ब्रेकच गेले. गाडी हॉथॉर्नच्या वळणावर सरळ बाहेर! टर्किंग्टन विजेता, अँड्र्यू जॉर्डनपेक्षा फक्त दोन गुणांनी पुढे. हंगामभर कुठेतरी ओझ्यासकट मिळवलेले ते दोन गुण.

एक मात्र कबूल करतो. तिसऱ्या शर्यतीआधी सोडत काढून वरचे काही जण उलट्या क्रमाने उभे करायचे, हे मला पटत नाही. वजन कामगिरीवरून ठरायचं, सोडत नशिबावरून. तुमच्या लेखकाने त्यावर लिहिलं असतं तर मी हे पत्र पाठवलं नसतं.

वजन गेलं तरी विचार गेला नाही. २०२२ ला गाड्यांत हायब्रिडची, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची, जोड आली, आणि आघाडीवरच्याला ती जादा ताकद सगळ्यात कमी वेळ वापरायला मिळू लागली. त्या वर्षी टॉम इंग्राम ह्युंदाईवर जिंकला. २०२५ पासून हायब्रिडही काढलं.

वजनाचा नियम आता नाही, तेवढी दुरुस्ती छापावी. आणि जमलं तर सोमवारच्या पानावर फॉर्म्युला वनच्या खाली या स्पर्धेच्या गुणतक्त्याच्या पाच ओळी द्याव्यात. सध्या त्या मला जावयाला फोन करून विचाराव्या लागतात, आणि तो आधी अर्धा तास ब्रेकवर बोलतो.

आपला,
एक निवृत्त वाचक, चिंचवड