मशीननं नाकारलं तरी पोच मिळाली पाहिजे

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र लिहितो आहे. गावातल्या वयस्क माणसांसोबत तालुक्याच्या सेवा केंद्रावर जायचं, त्यांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, हे काम मी करत असतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या बायांची बोटं एकदा पाहा. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला घुसतात, कातडी सोलून निघते. त्याआधी निंदण झालेलं असतं, सोयाबीनची सोंगणी झालेली असते. साठीतल्या मजूर बाईच्या अंगठ्यावर रेषा उरतच नाहीत. परवा अशीच एक मावशी अर्जासाठी आधारची ओळख पटवणाऱ्या मशीनवर अंगठा ठेवत होती. पदराला पुसला, पाण्यानं ओला केला, दुसरं बोट लावलं, मग दुसरा हात. ऑपरेटर पोरगा भला, मागे रांग असूनही त्यानं घाई केली नाही. पडद्यावर दरवेळी एकच ओळ, 'प्रमाणीकरण अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.' शेवटी ती मला म्हणाली, "भाऊ, मी इथं उभी आहो नं, मंग हे मशीन मले नाई काऊन म्हन्ते?" ओटीपीची वाट होती, पण आधारला जोडलेला नंबर पुण्यात कामाला असलेल्या मुलाकडे, आणि तो ड्युटीवर. मजुरी बुडवून आलेली बाई तशीच परत गेली.

ती येऊन गेल्याची कुठेही नोंद नाही. खरं दुखणं इथेच आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अर्जाची पोच मिळते, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. बाबूनं नाकारलं तर वरच्या साहेबाकडे जाता येतं. मशीननं नाकारलं तर अर्जच झालेला नसतो. मग अपील कशावर करायचं?

अंगठा जुळत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवा, हे आधार प्राधिकरणानं 2017 सालीच परिपत्रक काढून सांगितलं आहे. 30 एप्रिल 2025 ला तर सुप्रीम कोर्टानंच निकाल दिला की, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या याचिकेत ॲसिड हल्ल्यात चेहरा, डोळे भाजलेल्या बाया होत्या. केवायसीला, म्हणजे ओळख पडताळणीला, कॅमेऱ्यासमोर पापणी लववायला सांगत होते आणि त्यांना ती लववता येत नव्हती. ती अट घालणाऱ्याच्या मनात अशी बाई कधी आलीच नव्हती. आमच्या मावशीचंही तेच झालं.

म्हणून माझी पहिली मागणी. अंगठा जुळो न जुळो, पोच निघाली पाहिजे. नाव, तारीख, योजना आणि न जुळण्याचं कारण त्यावर असावं, आणि ती पोच हाच अर्ज धरून सेवा देण्याची मुदत त्याच दिवसापासून मोजावी. ओळख पटवण्याचा अधिकार तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला द्यावा. बोगस लाभार्थ्यांची भीती सांगितली जाईल, ती खोटी नाही. पण सही करणाऱ्याचं नाव नोंदलेलं असलं की नंतर त्याला जाब विचारता येतो. मशीनला तोही विचारता येत नाही.

दुसरं, पोर्टल बनवणाऱ्यांच्या कंत्राटातच अट घाला की, सुरू करण्याआधी त्यांनी अशा केंद्रावर मागे खुर्ची टाकून बसायचं. कुणाला शिकवायचं नाही, फक्त बघायचं. हात कुठे थांबतो, लाईट गेली की भरलेला फॉर्म कसा उडतो, रेंज येईपर्यंत ओटीपीची वेळ कशी निघून जाते. मेळघाटात धारणीकडेही त्यांना न्या. घरात कोरकू बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला पडद्यावरच्या मराठी ओळीचा काय उपयोग? तिथे सूचना कोरकूत ऐकू आली पाहिजे.

आणि अशा पोचा किती जणांना द्याव्या लागल्या, त्याचा तालुकावार आकडा दर महिन्याला जाहीर करा.

आपला,
अर्ज भरून देणारा एक गावकरी
जि. यवतमाळ