गुडघा का वाजतो, याचं उशिरा दिलेलं उत्तर

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. पण फोनवर मी एखादी गोष्ट समजावून सांगायला लागले की आई तिसऱ्या वाक्याला ‘बरं, झोप आता’ म्हणते. कागदाला तसं म्हणता येत नाही.

३८व्या वर्षी नोकरी सोडून फिजिओथेरपीला बसणं तुम्हाला फारसं पटलं नव्हतं, ते मला माहीत आहे. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची. एरवी ‘ताई’ म्हणतात, जर्नल उतरवून घ्यायचं असलं की ‘ताई प्लीज’. पाठांतरात ती माझ्या कितीतरी पुढे आहेत. आणि पहिले काही महिने नुसतं पाठांतरच होतं. मोठ्या माणसाची हाडं २०६, त्यातली मनगटाची एका हातात ८, सगळ्यांत लांब मांडीचं, सगळ्यांत लहान कानातलं, जेमतेम ३ मिलिमीटरचं. (सुश्रुतांनी ३०० मोजली होती. त्यांनी दात आणि कूर्चाही, म्हणजे मऊ, लवचीक हाडंही, धरली होती, म्हणजे मोजणी चुकली असं म्हणता येत नाही.) मी रोज संध्याकाळी फोनवर तुम्हाला ही नावं ऐकवत होते. एकदा आई म्हणाली, ‘ते सगळं ठीक आहे गं, पण माझा गुडघा का वाजतो?’

मी म्हणाले, ‘वय झालं की होतं.’

त्याच महिन्यात फिजिऑलॉजीची, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं त्या विषयाची, पहिली चाचणी झाली. मी तुम्हाला ‘बरी गेली’ असं सांगितलं होतं. २०पैकी ६ मिळाले होते. एक प्रश्न होता: आडवा पडलेला माणूस उठून उभा राहिला की पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या शरीरात काय होतं? मी हृदयाच्या चारही झडपांची नावं लिहिली, आकृती काढली, रंगवलीसुद्धा. त्याला शून्य. खाली बाईंनी लाल पेनने लिहिलं होतं, ‘मग? तो पडला की उभा राहिला?’

खूप राग आला होता तेव्हा. पण बाई पुढच्या तासाला विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरबद्दल बोलल्या आणि थोडी समजूत पटली. जवळजवळ १४०० वर्षं सगळे गॅलन या प्राचीन वैद्याचं म्हणणं धरून होते की यकृत अन्नापासून रक्त बनवत राहतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हार्वेने १६२८ साली साधा गुणाकार मांडला. एका ठोक्याला हृदय अगदी थोडं रक्त ढकलतं असं धरलं तरी अर्ध्या तासात ते अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं नवं रक्त येणार कुठून? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. आजचे आकडे घेतले तर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ५ लिटर, आणि शरीरात एकूण रक्त आहेच ५ लिटरच्या आसपास. झडपांची नावं माझ्याकडे होती, हा गुणाकार मात्र मी कधी केला नव्हता.

तर आता आईचा गुडघा.

आमच्या टेबलावरचा देह एका वृद्ध बाईंचा आहे. नाव आम्हाला सांगत नाहीत, सांगूही नये. देहदान केलेलं. पहिल्या दिवशी देह टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कुणालाच कळलं नाही, बरंच झालं. गुडघ्याची पाळी आली तेव्हा सरांनी वाटी बाजूला उलटवली आणि सांधा वाकवला. मांडीच्या हाडाचं टोक पांढुरकं, पिवळसर झाक असलेलं, ओल्या शिंपल्यासारखं गुळगुळीत. ती कूर्चा. मग सरांनी आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिथे अंगठ्याच्या नखाएवढा भाग वेगळाच चमकत होता. कूर्चा पार झिजून खालचं हाड उघडं पडलं होतं आणि हाडावर हाड घासून त्याला हस्तिदंतासारखी झिलई चढली होती. काठावर हाडाची बारीक टेंगळं. मी त्यावरून ग्लोव्ह घातलेलं बोट फिरवलं. एवढी झिलई एका दिवसात येत नाही. या बाई त्या गुडघ्यावर वर्षानुवर्षं चालल्या असणार, जिने चढल्या असणार. वसतिगृहावर आल्यावर तुला फोन लावला होता आणि काहीच बोलले नव्हते, तो हा दिवस.

आई, कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि दुखणं कळवणाऱ्या नसाही नसतात. म्हणजे झिजते ती कूर्चा, पण दुखतं ते आजूबाजूचं: खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालची पिशवी. रक्त नाही तर तिचं पोषण कसं होतं? सांध्यात चमचाभरही नसेल एवढं वंगण असतं, त्यातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाऊन द्रव बाहेर येतो, पाय उचलला की स्पंजसारखा आत शोषला जातो. चालणं हेच तिचं पोषण. तू गुडघा ‘जपायचा’ म्हणून वर्षभर चालणं बंद केलंस, आणि मीही ‘बरं केलंस’ म्हणाले होते. ते मागे घेते. मांडीचा पुढचा स्नायू बसून राहिल्याने बारीक होतो आणि मग सगळा भार सांध्यावर येतो. जिना उतरताना वाटीच्या मागे वजनाच्या तिपटीहून जास्त दाब पडतो, म्हणून तुला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. सपाट जागी, थोडं थोडं, रोज चाल. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली घ्यायचा.

आणि वाजणं! नुसतं कट् वाजून दुखत नसेल, सूज नसेल, तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं; वंगणात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा तयार होताना तसा आवाज येतो, किंवा एखादा स्नायुबंध हाडावरून सरकतो. करकर आणि दुखणं दोन्ही असेल तर ती गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनी बघायचं. मी अजून विद्यार्थिनीच आहे.

आता बाबा. सकाळी उठल्यावर तुम्ही पलंगाच्या कडेला बसून राहता आणि आई ‘उठा आता’ म्हणत असते. मीही तुम्हाला आळशी म्हणून झालंय. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीला जबड्याच्या कोपऱ्याजवळ फाटा फुटतो, तिथे ताण ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. रक्तदाब उतरला हे त्यांना लगेच कळतं, मेंदूच्या देठाला निरोप जातो, हृदय भरभर चालू लागतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. काही सेकंदांचा खेळ. वय वाढतं तशा धमन्या ताठर होतात, निरोप मंद जातो, हृदयही उशिरा ओ देतं, आणि तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. दाबाच्या गोळ्यांनी त्यात भर पडू शकते. म्हणजे चाचणीतल्या प्रश्नाचं उत्तर रोज सकाळी पलंगाच्या कडेवर बसलेलं होतं. उठायच्या आधी पावलं दहा-बारा वेळा वर-खाली हलवा, पोटऱ्या रक्त वर ढकलतात.

एक काम करा. दाब मोजायचं यंत्र कपाटात पडून आहे ते काढा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. जवळ आई हवी आणि धरायला खुर्ची. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आकडे आईने लिहावेत. बाबा लिहायला बसले की सगळे १२०/८० होतात.

तुमची,
लेक

ता. क. दुसऱ्या चाचणीत २०पैकी १५. ‘बरी गेली’ नव्हे, खरोखर १५. पेपर फोटो काढून पाठवते.