काका, ही घ्या पोच

ती. काका,
सा. न. वि. वि.

माळ्यावरचे ते गठ्ठे तुम्ही उतरवून दिलेत त्याला तीन महिने झाले. लेख काल एकदाचा हातावेगळा झाला, म्हणून आज पत्र. आणि ते सगळ्यांसमोर का, तर घरी पाठवलं असतं तर वाचून खणात टाकलं असतंत आणि कुणाला काही बोलला नसतात.

मी आले होते ‘पोच’ हा शब्द शोधायला. एरवी आपण पत्राची पोच, पार्सलची पोच, नाहीतर ‘काही पोच आहे का त्याला?’ एवढ्यावर भागवतो. जुन्या मासिकांतली पोच म्हणजे मला ठाऊक होतं ते ‘साभार पोच’ हे सदर. आलेल्या पुस्तकांची यादी, विषय संपला. बांधीव खंडांमधून चार टिपणं काढून मी जवळजवळ मोकळी झाले होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “अगं, खंडात काय बघतेस? बांधताना कव्हरं फाडून टाकतात. पोच असायची ती कव्हरावर.”

तुम्ही मात्र सुटे अंक कव्हरांसकट सुतळीने बांधून ठेवले होतेत. त्यातलं एक मलपृष्ठ अजून डोळ्यांसमोर आहे. कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. वर ठळक ‘पोंच’, अनुस्वारासकट. खाली वर्गणीदारांची नावं, प्रत्येकाआधी ‘रा. रा.’ (राजमान्य राजेश्री), मग गाव, मग रुपये-आणे. एका नावापुढे शाईने बारीकशी खूण होती. “हा अंक त्याचाच असणार,” तुम्ही म्हणालात. “पैसे पोचले का ते बघितलंन, आणि खूण केलीन.” टपालखात्याची मनिऑर्डर आली १८८० साली. त्याआधी वर्गणी पाठवली ती संपादकाच्या हाती पडली की नाही, हे लांबच्या माणसाला कळणार कसं? छापलेली पोच हीच त्याची पावती. मी ज्याला सदर समजत होते, ते आधी हिशेबाचं पान होतं.

सुट्या कागदांचा काळ ओळखायची तुमची युक्तीही मी लेखात बिनदिक्कत वापरली आहे. किंमत आण्यांत असेल तर १९५७च्या, म्हणजे नवे पैसे येण्याच्या आधीचा, ‘पोंच’वर टिंब असेल तर १९६२च्या, म्हणजे साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचा. ठोकताळाच तो, पण क्वचितच फसला.

पुस्तकांच्या पोचेबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडले होते, आठवतं? अभिप्रायासाठी दोन प्रती पाठवा, एकच आली तर नुसती पोच मिळेल, असा अनेक मासिकांचा रिवाज. मला तो उद्धटपणा वाटला. लेखकाने वर्ष घालवायचं आणि पदरात काय, तर नाव, पृष्ठं, किंमत. तुमचं म्हणणं, एक प्रत परीक्षण करणाऱ्याकडे जाते ती परत येत नाही, मग संपादकाच्या कपाटात काय राहणार? हे पटलं. तरीही काही संपादकांनी ‘साभार पोच’चा उपयोग पुस्तक सभ्यपणे बाजूला सारायला केला असणार, हे माझं मत कायम आहे. ‘साभार’ हा शब्दच तसा. पुस्तक आलं की ‘साभार पोच’, कविता नको असली की ‘साभार परत’. आभार दोन्हीकडे तेच! ‘सत्यकथे’कडून ‘साभार परत’ येणं तर एका पिढीच्या बोलण्यात मुरलं होतं. तिथले संपादक काही लेखकांना पानपानभर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत, हेही खरं. आणि १९६९ साली तरुण लेखकांनी त्याच मासिकाचा अंक जाळला, हेही.

‘साभार परत’वर तुम्ही जे सांगितलंत ते लेखात घातलेलं नाही. तरुणपणी तुमची कथा तीनदा परत आली, तिन्ही वेळा तुमच्याच अक्षरातल्या पाकिटातून, तुम्हीच लावलेल्या तिकिटासह. पोस्टमनच्या हातात लांबूनच आपलं अक्षर दिसलं की पुढचं कळायचं, म्हणालात. ते सांगताना तुम्ही हसत होतात, पण सुतळीची गाठ दोनदा सुटली.

माळ्यावरची शिडी तेवढी बदलून घ्या. तिसरी पायरी माझ्याच वजनाने कुरकुरत होती, आणि तुम्ही अजून स्वतःच चढता.

लेख छापून आला की अंक टपालाने पाठवते. एकच प्रत मिळणार आहे, तेव्हा परीक्षणाची अपेक्षा नाही. नुसती पोच दिलीत तरी चालेल. कव्हर मात्र फाडू नका.

तुमची,
माळ्याखाली शिडी धरून उभी असलेली