सुहासला पत्र : रोजच्या कॅमेऱ्यासाठी हलकी लेन्स

पुणे,
१४ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निकॉन झेड ५० कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० मिमीची किट लेन्स तुला आता अपुरी वाटू लागली आहे, आणि ५० मिमी एफ/१.८ एस घ्यावी की दुकानदार सुचवतो ती २४-७० एफ/४ घ्यावी, असे तू विचारतोस. मला विचारशील तर दोन्ही नकोत. त्या लेन्सा उत्तम आहेत, याविषयी दुमत नाही. पण डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाने कॅमेरा कायम जवळ बाळगायचा ठरवले असेल, तर त्याने वजनाचा हिशेब आधी मांडावा आणि दर्जाची बारकाई त्यानंतर पाहावी.

तुझी बॉडी बॅटरी आणि कार्डासह साधारण ४५० ग्रॅमची आहे. तिच्यावर ५० मिमी चढवली की ४१५ ग्रॅमची भर पडते आणि २४-७० चढवली तर ५०० ग्रॅमची, म्हणजे लेन्सच बॉडीपेक्षा जड होते. डबा, छत्री आणि पाण्याची बाटली आधीच भरलेल्या सॅकमध्ये असा कॅमेरा आठवडाभर राहील आणि मग कपाटात जाईल, अशी मला भीती वाटते.

तुझ्या कॅमेऱ्याच्या माउंटवर (लेन्स बसवायच्या कड्यावर) बसणाऱ्या हलक्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सांत २६ मिमी एफ/२.८ सुमारे १२५ ग्रॅमची आहे, डीएक्स (तुझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) २४ मिमी एफ/१.७ सुमारे १३५, २८ मिमी एफ/२.८ सुमारे १५५ आणि ४० मिमी एफ/२ सुमारे १७० ग्रॅमची. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुझी किट लेन्सदेखील १३५ ग्रॅमचीच आहे, त्यामुळे केवळ वजनासाठी प्राइम घेण्यात काहीच अर्थ नाही. खरा फरक प्रकाशात आहे: एफपुढचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. किट लेन्स ५० मिमीच्या टोकाला एफ/६.३ पर्यंतच उघडते, तर एफ/२ वर त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळी फलाटावर चालणाऱ्या माणसासाठी १/२५० सेकंदाचा शटर ठेवून जिथे किट लेन्सला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) १६००० लागेल, तिथे १६०० वर काम भागते. किट लेन्समध्ये व्हीआर आहे हे खरे, आणि तुझ्या बॉडीत सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय नसल्याने त्याची किंमत मोठी आहे. पण व्हीआर तुझ्या हाताचा कंप आवरतो, समोरच्या माणसाची हालचाल नाही. म्हणून किट लेन्स विकू नकोस. दिवसा फिरताना आणि रात्रीच्या स्थिर इमारतींसाठी ती असू दे.

आता चारपैकी कोणती, हा प्रश्न उरतो. डीएक्स सेन्सरवर दीडपटीचा हिशेब धरला तर २४ मिमी ही फूलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, ३६ मिमीइतका कोन दाखवते आणि ४० मिमी ही ६० मिमीइतका. आकडे बाजूला ठेवून घरातला अंदाज सांगतो: तीन मीटरवरून २४ मिमीच्या चौकटीत साधारण २.९ मीटर रुंदी मावते, तर ४० मिमीच्या चौकटीत केवळ १.७५ मीटर. तुझ्या बैठकीच्या खोलीत गणपतीची आरास आणि आरतीला उभी असलेली माणसे एकत्र घ्यायची असतील, तर ४० मिमी लावल्यावर तू भिंतीला टेकशील आणि तरी एखादे काका चौकटीबाहेर राहतील. पायांनी मागेपुढे होऊन झूमचे काम भागवावे असे लोक सांगतात, ते मला अर्धेच पटते. जागा बदलली की पुढच्या आणि मागच्या वस्तूंचे परस्परप्रमाणही बदलते, शिवाय लोकलच्या डब्यात मागे सरकायला जागा असते कुठे?

२८ आणि २६ मिमी मी बाजूला ठेवतो, कारण एफ/२.८ वर २४ मिमीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी प्रकाश मिळतो. २६ मिमी अतिशय चपटी आणि देखणी आहे, पण ते देखणेपण बरेच महाग पडते. म्हणून माझा कौल २४ मिमी एफ/१.७ ला. ती १८ सेंटिमीटरपर्यंत जवळचे टिपते, त्यामुळे पानातले मोदकही नीट येतील. तिचा माउंट प्लास्टिकचा आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. इतक्या हलक्या लेन्सला त्याने काही बिघडत नाही. मुलीचे चेहऱ्याजवळचे फोटो तुला फार आवडतात, हे मात्र मी विसरलेलो नाही. त्यासाठी ४० मिमी अधिक शोभेल, फक्त एफ/२ वर अगदी जवळून घेतलास तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येईल, तेव्हा एफ/२.८ वर ठेव.

तुझ्याकडच्या जुन्या डीएसएलआरची ३५ मिमी एफ/१.८ चालवता येईल का, हेही तू विचारलेस. जुन्या लेन्सा झेड कॅमेऱ्यावर बसवणारा एफटीझेड टू अडॅप्टर लावून ती चालेल आणि ऑटोफोकसही होईल, पण २०० ग्रॅमची लेन्स आणि १२५ ग्रॅमचा अडॅप्टर मिळून ३२५ ग्रॅम होतात. अडॅप्टरच्या पैशांत थोडी भर घालून नवी लेन्स घेणे मला शहाणपणाचे वाटते.

बाकी सामान मोजकेच घे: एक जादा बॅटरी, मनगटाचा पट्टा आणि सॅकमध्ये ठेवण्यापुरती मऊ अस्तराची पिशवी. स्वतंत्र कॅमेरा बॅग नको, गर्दीत ती लोकांच्या नजरेत येते. यापैकी कोणत्याही लेन्सच्या भरवशावर मुसळधार पावसात उभा राहू नकोस. पावसाळ्यात लेन्स बंद कपाटात कोंडून ठेवली की बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढ.

पैसे देण्याआधी एक काम कर. गेल्या वर्षभरात किट लेन्सने काढलेल्या फोटोंपैकी तुला आवडलेले वेगळे काढून त्यांची फोकल लेंग्थ (मिमीचा आकडा) संगणकावर पाहा. बहुतेक २० ते ३० च्या दरम्यान असतील तर २४ मिमी निःशंकपणे घे. ४० च्या पुढे असतील तर माझा वरचा कौल बाजूला ठेवून ४० मिमी घे. जे निघेल ते मला कळव, म्हणजे इथल्या दुकानातला भाव विचारून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, चिमुकलीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद