संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावे

महोदय,

मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात आणि अर्भकमृत्यू घटतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून दिसले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ परिषदेने त्याची ठाम शिफारस केली ती १९९४ मध्ये! मधल्या २२ वर्षांत वाचू शकणारी किती बाळे गेली असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. दारात रुग्णांची रांग असताना शोधनिबंध वाचणार कधी? आणि एखादे व्याख्यान ऐकून वर्षानुवर्षांची सवय मोडत नाही. (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी मात्र नेमाने भेटतात.) त्यापेक्षा उपचार ठरवतानाच हाताशी असलेली, पुराव्यावर आधारित सुटसुटीत सूचना जास्त उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी अवघ्या १९ मुद्द्यांची आहे, म्हणूनच ती वापरता येते. आपल्याच वॉर्डातील नोंदी तपासून डॉक्टर-परिचारिकांसमोर ठेवल्या, तरीही फरक पडतो.

यासाठी रुग्णालयांनी कामाच्या तासांतच वेळ राखून ठेवावा. सुट्टीच्या दिवशी वाचा, असे सांगणे थांबवावे.

– एक वाचक