पहिली एरर वाचा

मा. संपादक,
स. न.

सांगली-साताऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सी भाषेचे प्रात्यक्षिक बहुधा उबुंटू या लिनक्स प्रणालीवरच होते. तोच प्रोजेक्ट फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली दुसरी प्रणाली) किंवा मॅकवर नेला की बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचे काम, अडतो. मग मुले पडद्यावरची शेवटची ओळ गूगलवर टाकतात, नाहीतर सगळे पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. शेवटच्या ओळीत 'एरर १' यापलीकडे काही नसते. कारण वर, पहिल्या एररपाशी सापडते. बिल्ड चालवणाऱ्या 'मेक'ला '-जे ८' (एका वेळी आठ कामे) दिले असेल तर ओळींची सरमिसळ होते, म्हणून '-जे १' देऊन आउटपुट फाइलीत उतरवून घ्यावे. बिल्डआधी प्रणाली तपासणाऱ्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टपाशीच गाडी अडली तर 'कॉन्फिग.लॉग' उघडावी. फसलेल्या चाचणीचा छोटा प्रोग्रॅम आणि कंपायलरची तक्रार त्यात जशीच्या तशी असते.

फ्रीबीएसडीवरचा 'मेक' लिनक्सवर असतो तसा जीएनयू प्रकल्पाचा नाही. मेकफाइलमधली 'इफइक्यू' ही अट त्याला कळत नाही. पॅकेज टाकून 'जीमेक' (जीएनयूचा मेक) चालवावे. स्क्रिप्ट चालवणारा बॅश शेलही तिथे मुळात नसतो आणि टाकला तरी '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये जातो. त्यामुळे '/बिन/बॅश'ने सुरू होणारी स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असूनही 'नॉट फाउंड' येते. पहिल्या ओळीत '/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश' लिहावे. फाइलीतला मजकूर जागेवर बदलणाऱ्या 'सेड -आय'ला मॅक आणि बीएसडीवर बॅकअपचे एक्स्टेन्शन लागतेच. बॅकअप नको असेल तर रिकामे अवतरण द्यावे. ते विसरले की सेड तुमची आज्ञा एक्स्टेन्शन समजतो आणि फाइलचे नाव आज्ञा म्हणून वाचू लागतो.

लायब्ररी टाकूनही तिची हेडर फाइल मिळत नसेल तर फ्रीबीएसडीवरचा क्लँग कंपायलर '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड'मध्ये आपणहून पाहत नाही, हे ध्यानात घ्यावे. '-आय' (हेडरसाठी) आणि '-एल' (लायब्ररीसाठी), दोन्ही कॅपिटल अक्षरांत, देऊन वाट दाखवावी लागते. उलट मॅकवर चाललेले उबुंटूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' देते, तेव्हा बहुधा '-एलएम' (गणिताची लायब्ररी जोडणारा फ्लॅग) सोर्स फाइलींच्या आधी लिहिलेले असते. ते शेवटी न्यावे. एकाच वेळी अनेक कनेक्शनांवर लक्ष ठेवणारे 'ईपोल' मात्र लिनक्सचे, बीएसडी आणि मॅकवर त्याजागी 'केक्यू'. तिथे फ्लॅग कामाचे नाहीत, कोडच वेगळा लिहायला हवा.

सर्वांत घातक चूक बिल्डमध्ये दिसतच नाही. एकेक अक्षर वाचणाऱ्या 'गेटचार'चे उत्तर 'चार' (कॅरॅक्टर) या डेटा प्रकारात ठेवलेला प्रोग्रॅम पीसीवर चालतो. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये 'चार' बिनचिन्हाचा, म्हणजे ऋण संख्या न ठेवणारा, त्यामुळे ईओएफचा (इनपुट संपल्याची खूण) -१ तिथे २५५ होतो, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. ॲपलच्या एआरएम मॅकवर 'चार' चिन्हाचा असल्याने तिथेही दोष लपून राहतो. 'चार'ऐवजी 'इंट' (पूर्णांकाचा प्रकार) वापरावा, हाच उपाय.

अभ्यास मंडळांना विनंती, की उबुंटूवर केलेलाच एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रणालीवर उभा करण्याचा एक प्रयोग प्रात्यक्षिकाच्या वहीत घालावा. फ्रीबीएसडी मोफत आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) २ जीबी रॅमवर कमांड लाइनपुरती व्यवस्थित चालते. निम्मे गुण पहिली एरर कोणती आली आणि का, याच्या लेखी नोंदीला ठेवावेत.

– दोन प्रोग्रॅमर, विश्रामबाग, सांगली